मागच्या सीटचा बेल्ट

१

वजनमापे खात्यात एकोणतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या या गृहस्थांना सगळं ऑफिस तोळासाहेब म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि त्यांना ते आवडायचंही. काट्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं लोहचुंबक दुकानात पाय ठेवताच ओळखणारा माणूस. घरच्या बाबतीत मात्र त्यांचा स्वतःचा काटा कायम एकाच बाजूला झुकलेला असायचा. बायकोकडे कोणी बघितलं की झुकला. बायकोने कोणाकडे बघितलं की पार टेकला.

बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. गावभर तिला 'बाई' म्हणत, त्यामुळे आपणही बाईच म्हणू. बाई चारचौघींसारख्या दिसायच्या, पण हसायला लागल्या की समोरच्याला आपण फार मोठा विनोद केला असं वाटायचं. तोळासाहेबांचं दुखणं नेमकं तिथेच होतं. इस्त्रीवाला, हेडमास्तर, टीव्हीवर हवामान सांगणारा तो गोरागोमटा, या सगळ्यांवर ते आळीपाळीने जळून झाले होते. एकदा तर दातांच्या डॉक्टरवर.

"अर्धा तास तो तुझ्या तोंडाकडे बघत होता!"

"मग काय कानाकडे बघणार होता?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी परदेशात कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन फिरायचा बेत ठरवला. म्हणजे गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच मोरी. मेहुणी आणि साडू म्हणाले, आम्हीही येतो. तोळासाहेबांच्या कपाळावर आठी चढली. "तिसरं माणूस नको," असं त्यांनी फोनवर साडूला सरळ सांगितलं. "पण आम्ही दोघं आहोत, म्हणजे तिसरं आणि चौथं," असं साडू म्हणाला, आणि बाई पलीकडच्या खोलीतून खळखळून हसल्या. ते हसणं तोळासाहेब विमानातही विसरले नाहीत. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. चाळीस पोरं नाहीत, शेजार नाही, फोन नाही, अशा एखाद्या दिवशी बाईंनी फक्त त्यांच्याकडे बघून तसं हसावं.

२

दोघांपुरती गाडी शिल्लक नव्हती म्हणून चार सीटची मिळाली. पुढे दोन, मागे जेवायच्या टेबलालगत दोन. पहिले दोन दिवस सगळं सुरळीत होतं. निघायच्या आधी करायची कामं तोळासाहेबांनी कागदावर लिहून काढली होती, गॅस बंद, खण कुलूप, पायरी आत, टेबलाचा खटका, आणि रोज सकाळी ते त्यावर टिकमार्क करत.

तिसऱ्या दिवशी सकाळी टिकमार्क करून झाले, गाडी सुरू झाली, आणि टिंग टिंग टिंग.

समोरच्या पट्टीवर चार छोट्या खुर्च्यांचं चित्र होतं. त्यातली मागची उजवीकडची खुर्ची लाल झाली होती. कोणीतरी बसलंय आणि त्याने बेल्ट लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं.

"तुमचा कोट असेल," बाई म्हणाल्या.

कोट उचलला. टिंग टिंग. पाण्याचा पाच लिटरचा कॅन त्याच सीटवर होता, तो खाली ठेवला. टिंग टिंग. सीट आता साफ रिकामी होती. तोळासाहेबांनी गाडी थांबवली, मागे गेले, गादीवर तळहात दाबला, गादीच्या फटीत बोटं घातली. चुरा नाही, नाणं नाही, काही नाही.

"सेन्सर बिघडलाय," त्यांनी जाहीर केलं. "स्प्रिंग ढिली झाली की काटा शून्यावर येत नाही, तसलाच प्रकार."

"मग आता दिवसभर हे टिंगटिंग?"

"त्याला काय लागतंय! बेल्ट लावून टाकायचा."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढला आणि खटकन अडकवला. आवाज बंद. हातासरशी काम झालं म्हणून स्वारी खूष.

बाई मागे वळून म्हणाल्या, "बसा हं नीट," आणि हसल्या.

अगदी तेच हसणं. रिकाम्या सीटवर जळण्याइतके आपण अजून घसरलेलो नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि गिअर टाकला.

३

त्या दिवशीचा पहिला थांबा धबधब्याचा. दोनशे पायऱ्या, लोखंडी कठडा, तोंडावर तुषार. तासाभराने दोघं भिजून गाडीत परतले. बाईंना शाळेच्या सहलींची सवय. बस सुटायच्या आधी पोरांच्या डोक्यांना हात लावून मोजायचं, त्याशिवाय ड्रायव्हरला हो म्हणायचं नाही. नवऱ्यालाही त्या तशाच मोजायच्या. गाडीत चढता चढता त्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावला, "एक." तोळासाहेबांच्या टकलावर टपली मारली, "दोन." मग मागच्या सीटच्या वर, हवेत, बोटं जराशी टेकवल्यासारखी करून, "तीन. चला."

"तीन?"

"तीन म्हटलं का मी?" बाईंनी ओला पदर पिळला. "सवय हो. चाळीसपर्यंत गेले नाही, नशीब समजा."

पटण्यासारखं होतं. तोळासाहेबांना ते पटलंही असतं. पण पंचा घ्यायला ते मागे गेले आणि त्यांची नजर बेल्टवर पडली.

रिकाम्या सीटवर लावलेला बेल्ट पाठीला चिकटून पडतो. आत त्याला ओढणारी स्प्रिंग असते, तो सैल राहूच शकत नाही. हा बेल्ट पाठीपासून सुटा उभा होता, ताणलेला. मध्ये नुसती हवा. तोळासाहेबांनी खिशातली टेप काढली. खिशात टेप नाही असा त्यांचा एक दिवस गेला नव्हता. अंतर अकरा सेंटीमीटर. एखाद्या किडकिडीत माणसाच्या पोटाएवढं.

'रीळ अडकलंय,' ते मनाशी म्हणाले. बोटाने बेल्ट आत दाबला. आत जाईना. आणि कडक लागण्याऐवजी तो मऊ लागला. दाबला की जरासा दबायचा, सोडला की परत यायचा.

४

पुढचा रस्ता समुद्राच्या कडेने होता. बाई म्हणाल्या, मागची खिडकी मोठी आहे, मी तिथे बसते. मागे दोनच सीटा. एकीवर बाई बसल्या, बेल्ट लावला. दुसरीवर ते सगळं.

तोळासाहेब वळणं घेत होते. घाटात नजर हलवायची सोय नव्हती, पण कान मोकळे होते.

"...तेव्हा मी सातवीत असेन. आमच्या आळीत एक विहीर होती, पायऱ्यांची. पोरं उड्या मारायची. मी एकदा दुपारी कोणी नसताना फ्रॉकसकट उडी मारली. कुण्णाला सांगितलं नाही आजवर. आईला म्हटलं, नळाखाली भिजले." मग थोडं थांबून, "नाही हो, भीती नाही वाटली. खाली हिरवं हिरवं, आणि इतकं शांत..." पुन्हा थांबून, खुदकन, "इश्श! तेव्हा कुठे होतात तुम्ही!"

सव्वीस वर्षांत तोळासाहेबांनी ही विहीर ऐकली नव्हती. बायकोला पोहता येतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"कोणाशी बोलतेस गं?"

"अहो, तुमच्याशीच!"

"मी कुठे काय विचारलं?"

आरशात त्यांना बाई दिसल्या. खिडकीकडे पाठ होती. ज्या समुद्रासाठी त्या मागे बसल्या होत्या, त्याच्याकडे पाठ. अंग पूर्ण उजवीकडे वळवून, हनुवटी तळव्यावर टेकवून त्या ऐकत होत्या. शेजारच्या बेल्टचा काळा पट्टा हवेत हळूहळू वर होत होता, खाली होत होता. गाडीच्या हादऱ्यांच्या तालात नव्हे. रस्ता त्या जागी लोण्यासारखा गुळगुळीत होता.

५

दीपस्तंभ बघितला. म्हणजे बाईंनी बघितला. तोळासाहेबांनी वर जायला नकार दिला, "गुडघे" म्हणाले. बाई दिसेनाशा होताच ते गाडीत शिरले आणि टेप लावली. एकोणीस.

"हे बघा," त्यांनी सीटला सांगितलं. ऑफिसात नवख्या व्यापाऱ्याला दम भरताना वापरायचा तोच आवाज. "मी सरकारी माणूस आहे. मला फसवता येत नाही."

आपण कोणाशी बोलतोय हे लक्षात येऊन ते ओशाळले, आणि बाहेर जाऊन गाडीची पुढची काच पुसत बसले. काच स्वच्छच होती.

दुपारी तळ्याकाठी जेवण. बाईंनी गाडीतलं टेबल मांडलं, ब्रेड, उकडलेली अंडी, चहा. चहाचे कप तीन.

"हा कोणाला?"

बाईंनी कपाकडे बघितलं. क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ आला. फळ्यावर लिहिता लिहिता शब्द विसरल्यासारखा. मग तो गेला. "असू दे हो, जास्तीचा झाला. तुम्ही कशाला एवढं बघत असता? तुमच्या नजरेखाली चहासुद्धा घाबरून थंड होतो."

"मला वाटलं, त्याला असेल," तोळासाहेब सीटकडे हनुवटी करून म्हणाले. चेष्टेत म्हणायचं होतं, पण आवाज चिरकला.

"कोणाला?"

"बघ, तिथे बसलाय तो. विहिरीच्या गोष्टी ऐकणारा."

बाईंनी बशी खाली ठेवली. "म्हणजे आता खुर्चीवरसुद्धा संशय? इस्त्रीवाला झाला, दाताचा डॉक्टर झाला, आता लाकूड आणि स्पंज? सव्वीस वर्षं मी कोणाशी बोलू, कोणाकडे बघू, किती हसू, सगळं तुम्ही तोलत आलात. आज दोन शब्द मनातले बोलले, आणि पहिल्यांदा कोणीतरी मध्ये न तोडता ऐकलं, तर..."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

बाईंचा घास हातातच राहिला. "तुम्हीच की," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुम्हीच ऐकलंत ना?"

त्या कप विसळायला तळ्याकडे गेल्या. तोळासाहेबांनी टेप काढली. सत्तावीस.

सत्तावीस हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. दर वर्षी शिंप्याकडे जाण्यापेक्षा ते घरीच भिंतीला पाठ लावून पोट मोजत. पाठीपासून बेंबीपर्यंत बरोबर सत्तावीस. त्यांनी पाठ टेकली गाडीच्या दाराला, आणि टेप आपल्या पोटावर धरली. बावीस. पुन्हा धरली. बावीस. सकाळपासून विजार दोनदा वर ओढल्याचं आत्ता आठवलं.

मग डोकं फिरलं. त्यांनी तो बेल्ट सोडला. तो सुर्रकन आत गेला नाही, सावकाश गेला, कोणाच्या तरी अंगावरून घसरत गेल्यासारखा. तोळासाहेब त्या सीटवर जाऊन बसले. स्वतः. पूर्ण वजनानिशी, ब्याऐंशी किलो. गादी गरम होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. किंवा उठलंच नसल्यासारखी. कारण पाठीला गादीची पाठ लागत नव्हती, त्याच्या अलीकडेच काहीतरी लागत होतं. मऊ. दबणारं.

किल्ली फिरवलेलीच होती. त्यांनी बसल्या जागेवरून मान लांब करून पुढच्या पट्टीकडे बघितलं. चार खुर्च्यांचं चित्र. एकही लाल नाही. बेल्ट न लावता ते तिथे बसले होते, आणि गाडीच्या हिशेबी ती सीट रिकामी होती.

"काय हो," दारातून बाईंचा आवाज आला. कप हातात धरून त्या त्यांच्याकडे बघत होत्या, कपाळावर आठ्या. "तिथे नका बसू. ती त्यांची जागा आहे."

६

गाडी सोडून पळावं, असं वाटलं नाही का त्यांना? वाटलं की. पण मग बाई गाडीत एकट्या राहिल्या असत्या. एकट्या म्हणजे, एकट्या नव्हे. त्या विचाराने त्यांच्या जिवाला जो चटका बसला तो भीतीपेक्षा मोठा होता. तोळासाहेब मुकाट्याने उठले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. बाई न सांगता मागे बसल्या. मागून बेल्टचे दोन खटके आले, एकामागोमाग एक.

शेवटचं ठिकाण कड्याचं होतं. तिथून सूर्य समुद्रात जाताना दिसतो म्हणे. रस्ताभर मागे कुजबुज, मध्येच हसणं. शब्द कळत नव्हते. बाईंना इतकं बोलता येतं? आणि आपण काय ऐकत होतो इतकी वर्षं? गॅस आला का, दूध घेतलं का, कोण होता तो.

'हा ऐकतो,' त्यांच्या मनात आलं. 'नुसता बसून ऐकतो. त्यात काय मोठंसं? मलाही आलं असतं.'

एका वळणावर त्यांचा चष्मा घसरून पायाशी पडला. गाडी कडेला घेऊन त्यांनी स्वतःचा बेल्ट काढला, वाकले, चष्मा घेतला, आणि तसेच पुढे निघाले. किलोमीटरभर गेल्यावर लक्षात आलं, बेल्ट लावायचा राहिलाय. आणि गाडी ओरडत नाहीये. टिंग नाही, टांग नाही. त्यांनी पट्टीकडे बघितलं. चालकाची खुर्ची करडी, म्हणजे रिकामी. मागच्या दोन्ही हिरव्या.

त्यांनी गादीवर आदळून बघितलं. एकदा, दोनदा. एकोणतीस वर्षं त्यांनी दुकानदारांना सांगितलं होतं, यंत्र खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस. आज यंत्र आपल्याविषयी काय म्हणतंय, ते त्यांना वाचवेना.

मागून बाई म्हणाल्या, आवाजात शाळेतली ती आदबशीर गोडी, "दादा, गाडी जरा हळू घ्या हं. ह्यांना वळणं लागतात."

७

कड्यावर वारा पिसाटलेला. डावीकडून, एका रेषेत, थांबायचं नावच नाही. गवत लोळत होतं, लोकांच्या टोप्या उडत होत्या, एका म्हाताऱ्या बाईचा स्कार्फ कुंपणाला जाऊन अडकला होता. तोळासाहेबांच्या डाव्या कानात नुसता घोंगाट.

बाई कठड्यापाशी उभ्या होत्या. तोळासाहेब धावतच गेले आणि त्यांचा हात धरला. "अगं, मी आहे. मी! बघ माझ्याकडे."

बाईंनी बघितलं. ते बघणं त्यांनी शाळेच्या वार्षिक सभेत पाहिलं होतं. एखादा पालक येऊन नमस्कार करतो, कोणाचा बाप ते आठवत नाही, पण मन मोडायचं नाही, तेव्हाचं हसू.

"हो हो, तुम्हीच आहात ना सकाळपासून," त्या म्हणाल्या, आणि हात अलगद सोडवून घेतला. "फार छान चालवलीत गाडी. थकला असाल. एक काम कराल, दादा? आमचा दोघांचा फोटो काढाल? सव्वीस वर्षं झाली लग्नाला, दोघांचा धड एक फोटो नाही. हे कायम कोण बघतंय त्याकडेच बघत असायचे."

फोन त्यांच्या हातात आला. बाई कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, फोटोच्या चौकटीच्या मधोमध नव्हे, थोड्या उजवीकडे. डावीकडे एका माणसाची जागा सोडून.

तोळासाहेबांनी फोन डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर बाई दिसत होत्या, मान डावीकडे कललेली. शेजारी कोणी नव्हतं. कोणी म्हणजे कोणीच नाही. मागे समुद्र, केशरी आकाश. मग त्यांच्या लक्षात आलं ते बाईंच्या केसांचं. सगळा कडा वाऱ्याने फरफटत होता, आणि बाईंच्या केसांची एक बटसुद्धा हलत नव्हती. पदर जागच्या जागी. डाव्या बाजूने कोणीतरी त्यांचा वारा अडवून उभं होतं. खांदा बाईंच्या कानाइतका उंच. तोळासाहेबांचा होता तेवढाच.

आणि बाई हसल्या. पूर्ण चेहऱ्याने, मान वर करून, त्या जागेकडे बघून. तोळासाहेबांनी सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हसणं. ते त्यांच्यासाठी नव्हतं, एवढंच.

शहाण्या माणसाने फोन टाकून दिला असता. भ्यायलेल्याने पाठ फिरवली असती. तोळासाहेबांच्या तोंडून भलतंच निघालं, आणि निघालं तेव्हा त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना इतका ओळखीचा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

"ए!" ते ओरडले. "तिच्यापासून लांब हो!"

बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं, आणि शेजारच्या जागेला म्हणाल्या, "व्हा हो बाजूला. फोटोवाल्यांना काहीतरी पाहिजे."

पडद्यावर बाईंचे केस एकदम उसळले. पदर फडफडून कठड्यापलीकडे गेला. त्यांनी दोन्ही हातांनी तो सावरला, आणि त्यांचे डोळे तिथून निघाले. गवतावरून, वाटेवरून, पावलापावलाने, कोणीतरी चालत येत असावं तसे, ते तोळासाहेबांकडे सरकत आले. तोळासाहेबांना वाटलं, आता. आता ती बघेल.

बाईंची नजर त्यांच्यापाशी येऊन थांबली. प्रेमाने भरलेली, आणि त्यांच्या चेहऱ्याच्या वीतभर डावीकडे.

तोळासाहेबांच्या डाव्या कानातला वारा थांबला होता.